बोलावण्याआधी जाऊन या: अनेक भाषांच्या वस्तीतल्या सरकारी शाळेत पालकांना जोडून घेताना

जूनमधली पालकसभा. फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम', वर्गात मांडलेल्या चाळीस खुर्च्या आणि आलेले पालक सहा. सहाही जण देवळाजवळच्या वाड्यावरचे. औद्योगिक वसाहतीच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथून एकही माणूस आला नव्हता. पटावरची निम्म्याहून जास्त मुलं मात्र तिथलीच.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत मी बरीच वर्षं शिकवते आहे. अशी सभा झाली की आम्ही शिक्षक एकमेकांना म्हणायचो, "ह्यांना पोरांच्या शिक्षणाचं काही पडलेलंच नाही." मीही म्हणायचे. ते खरं नव्हतं. सभा कामाच्या दिवशी सकाळी दहाला होती. नोटीस फक्त मराठीत होती. यायचं तर आईबापाला एक खाडा पडणार होता, आणि इतकं करून आल्यावर बाईंकडून ऐकायचं काय, तर मूल अभ्यास करत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

हा लेख माझ्यासारख्याच सरकारी शाळेतल्या शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि पालक-शिक्षक संघात धडपडणाऱ्यांसाठी आहे. ज्या शाळेत कोंकणी, मराठी, कन्नड, लमाणी, दखनी उर्दू, भोजपुरी, ओडिया अशा सगळ्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात, तिथं काय करून पाहिलं आणि काय टिकलं, ते क्रमानं सांगते.

पहिलं काम: 'मातृभाषा' हा रकाना पुन्हा भरा

प्रवेशाच्या नोंदवहीत मातृभाषेचा रकाना असतो. तो एकदा शांतपणे वाचून काढा. आमच्या वहीत बाहेरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलापुढे 'हिंदी' होतं आणि गावच्या प्रत्येक मुलापुढे 'मराठी'. दोन्ही चूक. लमाणी बाप आमच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलला म्हणून आम्ही हिंदी लिहिलं. गावची मुलं घरी कोंकणी बोलतात, पण शाळा मराठी माध्यमाची म्हणून मराठी लिहून मोकळे झालो.

इथं एक गोष्ट सांभाळावी लागते. गोव्यात "तुमची मातृभाषा कोणती?" हा प्रश्न साधा नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही ह्यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा राजभाषा कायदा ह्या गोष्टी अजून घराघरांत बोलल्या जातात. कोंकणी की मराठी असं थेट विचारलं की माणूस आपण कुठल्या बाजूचे ते सांगायला लागतो, आणि घरात काय बोललं जातं ते बाजूलाच राहतं. परप्रांतातून आलेल्याला तर वाटतं, खरं सांगितलं तर प्रवेश नाकारतील. म्हणून मातृभाषा हा शब्दच न काढता तीन प्रश्न विचारा, आणि तेही मुलालाच, गप्पा मारता मारता: आईशी कसं बोलतोस? गावच्या आजीशी फोनवर कसं बोलतेस? खेळताना भांडण झालं की कुठल्या भाषेत भांडता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार काही सांगून जातं.

मग पालकांकडून आणखी चार गोष्टी समजून घ्या. घरी कोण कुठल्या वेळी असतं, फोन कोणाकडे असतो, कोणाला वाचता येतं आणि कुठल्या लिपीत. लिपीचा प्रश्न आम्ही कित्येक वर्षं विचारलाच नव्हता. कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आईला आम्ही निरक्षर समजत होतो, कारण तिला देवनागरी येत नव्हती. ख्रिस्ती घरातली आजी कोंकणी छान वाचते, पण रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. आपली देवनागरीतली चिठ्ठी ह्या दोघींनाही नुसती नक्षी.

हे सगळं एका मोठ्या कागदावर वाड्यांप्रमाणे मांडा. पुढचं प्रत्येक काम ह्या कागदावरून चालतं. तो शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात राहू द्या, व्हरांड्यात लावू नका. कोणाच्या घरी कोण किती शिकलंय हे चारचौघांत टांगायचं नसतं.

घरभेट: काय न्यायचं, काय न्यायचं नाही

पहिली सभा घ्यायच्या आधी घरी जाऊन या. सगळी घरं जमणार नाहीत. जून-जुलैत आठवड्याला चार घरं धरली तरी गणेश चतुर्थीपर्यंत तीस-पस्तीस होतात. लहान सरकारी शाळेचा पट तेवढ्यात बराचसा होऊन जातो. जी घरं शाळेत कधीच दिसत नाहीत, तिथं आधी जा.

दोघींनी मिळून जावं. आदल्या दिवशी मुलाजवळ निरोप द्यावा, अचानक दारात उभं राहू नये. वेळ संध्याकाळी साडेसहा-सातची. त्याआधी गेलात तर घरात फक्त पोरं, आणि उशिरा गेलात तर चूल पेटलेली असते. सोबत मुलाच्या हातचं एखादं चांगलं काम न्या: चित्र, गणिताचं पान, काहीही. नोंदवही नेऊ नका. आधार कार्ड, जन्मदाखला, रेशनकार्ड ह्यातलं काहीही पहिल्या भेटीत मागू नका. भाड्याच्या खोलीत वही-पेन घेऊन येणारा माणूस म्हणजे चौकशी, हे त्या घरांना अनुभवानं ठाऊक असतं. आत गेल्यावर खाली बसा. चहा दिला तर घ्या.

कन्नड घरी "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारता आलं तरी चेहरे सैल होतात. लमाणी आईला तिची मुलं 'याडी' म्हणतात, तो शब्द आपल्या तोंडून आला की ती हसतेच. उच्चार चुकले तर ती माणसं सुधारून देतात, आणि तेवढ्यापुरती शिकवायची जागा त्यांच्याकडे जाते.

एक भेट मला कायमची लक्षात राहिली आहे. दुसरीतली एक मुलगी दोन महिने वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. आम्ही ठरवून टाकलं होतं की तिला काही समजत नाही. संध्याकाळी तिच्या खोलीपाशी पोचले तर ती दारातल्या पायरीवर बसून गावच्या आजीशी फोनवर बोलत होती. आई म्हणाली, "रोज शाळेतलं सगळं सांगते." त्या दिवशी सकाळी मी पावसाचा धडा घेतला होता. ढग कसा जमतो ते दाखवताना मी दोन्ही तळहात एकमेकांवर घासले होते. ती फोन खांद्यानं कानाशी धरून, दोन्ही तळहात तसेच घासत, लमाणीत आजीला ढग समजावत होती. मला तिचा एक शब्द कळला नाही, पण धडा पूर्ण कळला.

दुसऱ्या दिवशी चौथीतल्या तिच्याच वस्तीतल्या मुलीला मी तिच्याशेजारी बसवलं आणि सांगितलं, आधी लमाणीत सांगू दे, मग तू मराठीत सांग. चतुर्थीच्या सुट्टीनंतर ती स्वतः सांगायला लागली. मूल घरी कशात आणि काय बोलतं ते बघायला घरीच जावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तेच धरलं आहे. सात भाषांच्या वर्गात एका शिक्षिकेला सगळ्या भाषा येणं शक्य नाही. पण मुलाला आधी स्वतःच्या भाषेत बोलू देणं नक्की शक्य आहे.

भेटीत विचारायचं एवढंच: मूल घरी काय आवडीनं करतं? तुम्हाला शाळेबद्दल काय विचारायचंय? आणि निघताना, तुम्हाला कोणती वेळ बरी पडेल? ह्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांवरून सभेची वेळ ठरते.

सभा घ्यायची तर अशी

आमच्याकडे उत्तर आलं: रविवार, दुपारी चारनंतर. गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारी असतात, म्हणून पंचायतीतून तारीख विचारून घ्या, नाहीतर गावचे पालक तिकडे अडकतात. म्हापसा भागातल्या शाळांनी शुक्रवार टाळावा, त्या दिवशी बाजार असतो आणि अर्धी घरं तिथंच असतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी एकच सभा पुरत नाही. आम्ही वर्षात दोन सभा शाळेत घेतो आणि दोन वस्तीवर, खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेत. वस्तीवरच्या सभेला खुर्च्या लागत नाहीत, चटई पुरते.

निरोप आवाजात पाठवा. कागदाची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाते. व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप, प्रत्येक भाषेत एक, आणि तो त्या त्या भाषेच्या आईनंच बोललेला. फोन बहुतेक वेळा बापाकडे असतो आणि तो कामावर नेतो, त्यामुळे निरोप आईपर्यंत रात्री पोचतो. दोन दिवस आधी पाठवा, सभेच्या सकाळी पुन्हा एकदा.

दुभाष्याबद्दल माझं मत पक्कं आहे: मुलांना दुभाषी करू नका. आपल्याच अभ्यासाबद्दल बाई आईला काय म्हणतात ते मुलानंच सांगायचं हा त्याच्यावर अन्याय आहे. आईचाही मान त्यात जातो. वस्तीवर दोन्ही भाषा येणारी एखादी बाई असतेच. माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या महिला गटात, अंगणवाडीत, किराणा दुकानात शोधा. आधी भेटून तिला विषय समजावून सांगा, म्हणजे ऐनवेळी ती गडबडत नाही. सभेत तिला शिक्षकांच्या ओळीत बसवा.

आणि सभेत मुलांची गाऱ्हाणी काढू नका, एकही नको. कायद्याचं २४वं कलम शिक्षकांवर जबाबदारी टाकतं की त्यांनी पालकांना नियमित भेटून हजेरी आणि प्रगती सांगावी. ते सांगणं एकेकाला, बाजूला बसवून, वही उघडून करायचं असतं. सगळ्यांसमोर आम्ही फक्त तीन गोष्टी करतो: मुलं काय शिकताहेत ते मुलांकडूनच दाखवतो, पुढच्या दोन महिन्यांत काय आहे ते सांगतो, आणि मग गप्प बसून ऐकतो. पाऊण तासात संपवतो.

व्यवस्थापन समितीत जागा

बोलावणं, ऐकणं झालं तरी निर्णय जुन्याच चार माणसांनी घेतले तर लोकांना ते कळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २१वं कलम स्पष्ट आहे: शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. ही शेवटची अट कागदावर सहज राहून जाते. निवड करताना पटाचा वाड्यांप्रमाणे हिशोब काढा आणि त्या प्रमाणात जागा धरा. वस्तीवरून एकटीलाच घेऊ नका. एकटी असली की ती मान हलवून घरी जाते. दोघी असल्या की एकमेकींकडे बघून बोलायला लागतात.

इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच सह्या किंवा अंगठे घ्या. २२व्या कलमाप्रमाणे शाळा विकास आराखडा ह्याच समितीनं करायचा असतो. आमच्या समितीतल्या एका आईनं पहिल्याच बैठकीत सांगितलं की पावसात पोरं ज्या वाटेनं येतात तिथं ओहोळाला पाणी चढतं, म्हणून जुलैत ती घरी राहतात. हजेरीपटात आम्हाला नुसती गैरहजेरी दिसत होती. पंचाला प्रत्यक्ष नेऊन वाट दाखवली, आणि आराखड्यातली पहिली ओळ ती झाली.

घरात जे आहे ते वर्गात

सांस्कृतिक दिन, वेगवेगळे पोशाख, फोटो: हे आम्हीही केलं. त्यानं वाईट काही होत नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसंच असतं. त्याहून जास्त उपयोग झाला तो चतुर्थीआधीच्या माटोळीचा. फोंड्याकडे गणपतीच्या वर चौकटीला टांगलेली माटोळी म्हणजे रानाची सगळी संपत्ती: कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे घोस, नारळांचा घोस, केळीचा घड. आम्ही वर्गात एक माटोळी बांधली आणि एकच नियम ठेवला: जो जे आणेल त्यानं त्याचं नाव घरच्या भाषेत सांगायचं. नारळाला नाल्ल, तेंगिनकायि, नारियल, नडिआ अशी चार नावं फळ्यावर आली. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, कामाला जाणारा एक बाप, शाळेत कधी न आलेला, सुपारीचा घोस घेऊन स्वतः आला आणि कुठल्या गाठीनं बांधला की घोस सुटत नाही ते त्यानं मुलांना दाखवलं. गावच्या आजोबांनाही ती गाठ नवीन होती. दोघं बराच वेळ दोरी हातात घेऊन बसले.

धालो हे बायकांचं लोकनृत्य घालणाऱ्या आजीला, घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्या काकाला, काचभिंगांचं भरतकाम करणाऱ्या लमाणी आईला, दुपारची नमाज झाल्यावर येऊ शकणाऱ्या बेकरीवाल्या चाचाला असंच त्यांच्या कामासाठी बोलवा. पण मुलाला उभं करून "तुमच्यात हे कसं असतं ते सांग" असं विचारू नका. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर अख्ख्या समाजाचा भार पडतो. आणि देवाधर्माच्या विधीत भाग घ्यायचा की नाही हे घरच्यांना आधी विचारून ठेवा. न विचारता धरून चालल्यामुळे आमच्याकडून एक घर दुखावलं गेलं होतं.

गावचे पालक दुखावतात तेव्हा

ह्यावर कोणी उघड लिहीत नाही, म्हणून मी जरा थांबून लिहिते. वस्तीवरची मुलं वाढली की गावची घरं कुजबुजायला लागतात. "आमच्या पोरांची भाषा बिघडते." "शाळा आता त्यांचीच झाली." मग एकेक करून दाखले मागतात आणि मुलं अनुदानित इंग्रजी शाळेत जातात. पट घसरला की शाळाच बंद पडायची भीती. त्या रागातून 'घाटी', 'भायले' (बाहेरचे) हे शब्द मोठ्यांच्या तोंडून मुलांच्या तोंडी येतात.

शाळेच्या आवारात हे दोन शब्द चालणार नाहीत, हे आम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतो. शिक्षकांनाही, शिपायालाही. मुलानं वापरले तर शिक्षा नाही. त्याला जवळ घेऊन हा शब्द कोणाला लागतो ते सांगतो, आणि त्याच आठवड्यात घरी जातो.

गावच्या पालकांशी सभेत वाद घालू नका. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. त्यांच्या बोलण्यात राग असतो तशी खरी काळजीही असते: माझं मूल मागे पडेल का? तिला उत्तर द्यायचं तर मुलाची वही उघडून, गेल्या वर्षीची आणि ह्या वर्षीची पानं शेजारी ठेवून. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही सगळा वेळ त्या मुलांना देता, मग आमच्या नातवाला काय?" मी महिनाभर वेळ लिहून काढली आणि त्यांचं म्हणणं काही अंशी बरोबर निघालं. मग दिवसातला अर्धा तास गटांच्या वाचनाला ठेवला, प्रत्येक गटात वाचता येणारं आणि शिकणारं मूल एकत्र. त्यांना ते परत जाऊन सांगितलं. त्यांचा नातू शाळेत राहिला. तीन घरं तरीही गेली. गेलेल्यांशी वैर धरू नका, त्यांची धाकटी भावंडं अजून अंगणवाडीत असतात.

गावातल्या बाकीच्या दारांबद्दल थोडंसं

पंचायत, देवस्थान समिती, चर्च, मशीद, प्राथमिक आरोग्य केंद्र, वाचनालय: प्रत्येकाकडे एकच नेमकी मागणी घेऊन जा. "शाळेला मदत करा" म्हटलं की एक बॅनर आणि वह्यांचा गठ्ठा मिळतो. "पावसाळ्यात संध्याकाळी दोन तास सभागृहातली एक खोली अभ्यासाला द्या" म्हटलं की खोली मिळते. ठेकेदाराला आणि खोल्यांच्या मालकालाही भेटा. कामगारांना सभेसाठी दोन तास सोडणं आणि वस्तीवर सभेला दिवा लावून देणं त्यांच्या हातात असतं. वह्या वाटताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू देऊ नका, देणारा कितीही मोठा असो.

येणारी-जाणारी मुलं

बांधकामावरची कुटुंबं काम संपलं की हलतात. शिमग्याच्या सुमारास किंवा उगादीला कर्नाटकात गावी गेलेली काही मुलं जुलै उजाडला तरी परतत नाहीत. इथं कायदा मुलाच्या बाजूनं आहे आणि तो कार्यालयातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ते १४वं कलम. उशिरा आलं म्हणून नाकारता येत नाही, ते १५वं. दुसऱ्या शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आणि तो हातात नसला तरी नव्या शाळेनं मूल अडवायचं नाही, ते ५वं. ज्याचं शिक्षण मधेच तुटलंय त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं शिकवायचं, ते ४थं. अडचण आली तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे कलमाचा आकडा लिहूनच अर्ज करा.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही वस्तीवर आणखी एक फेरी मारतो. कोण गावी जाणार, कधी परतणार, गावच्या आजी-आजोबांचा फोन नंबर काय, एवढं विचारून घेतो. जाणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ एक पान देतो: कितवीत आहे, काय वाचता येतं, कुठवर गणित झालंय. ते पान मराठीत असतं आणि खाली कन्नड किंवा हिंदीत, वस्तीवरच्याच कोणा आईनं लिहून दिलेलं. जून उघडला की दुसऱ्या आठवड्यात न आलेल्यांची यादी घेऊन बसतो आणि गावचे नंबर लावतो. पलीकडून बहुतेक वेळा आजीच बोलते. दुसरीतली ती मुलगी आता पाचवीत गेली आहे, आणि लमाणी घरांचे फोन तीच लावून देते. बोलते मात्र तिची आई.